पाना-पेचकस : गेम बॉयच्या पोटातलं गाणं

दोस्तांनो, या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात पनवेलचं एक पत्र निघालं आणि ते इतकं नेमकं होतं की सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्र लिहिणारा नववीत आहे. त्याचा मामा नोकरीसाठी मस्कतला होता, तेव्हा त्यानं घेतलेला गेम बॉय आता भाच्याकडे आलाय. करडा रंग, विटेसारखा जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. भाच्यानं त्यावर खेळ खेळण्याऐवजी गाणं बनवायला सुरुवात केली. दोन गाणी तयारही आहेत. ती शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवायची आहेत. पण तालमीच्या दिवशी माइकच्या खाचेत वायर खुपसली, तर सगळ्या हॉलभर आधी घरघर घुमली आणि तिच्या मागे कुठेतरी लांबून गाणं. मुलं हसली.

आता त्यानं कुठेतरी वाचलंय की गेम बॉय उघडायचा, आत तीन तारा जोडायच्या, अंगाला एक भोक पाडून नवा जॅक बसवायचा, की आवाज लख्ख होतो. मामाचं म्हणणं, "भोक पाडलंस तर बघ!" आईचं म्हणणं, आधी सहामाही. आणि पत्रातला प्रश्न एका ओळीचा : भोक पाडू का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. भोक पाडू नकोस. उघडायला मात्र हरकत नाही. पण का नाही आणि का हो, ते कळायचं तर या यंत्राच्या पोटात आवाज कुठून कुठे जातो ते बघावं लागेल.

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीला आला. तो घडवला निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेइ योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्या काळातही तो काही फार पुढारलेला नव्हता. पडदा करड्या-हिरवट रंगाचा, त्यात चारच छटा. पण योकोईंचं तत्त्वच असं होतं की जुनं, स्वस्त झालेलं, पक्कं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या कामाला लावायचं. आपल्याकडे हस्तकलेच्या तासाला बाई 'टाकाऊतून टिकाऊ' करायला सांगतात ना, त्याच जातकुळीचं हे. पडदा साधा, म्हणून सेल पंधरा तासांच्या आसपास पुरायचे. हा आणि नंतरचा रंगीत गेम बॉय मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त खपले. त्यांतले काही मस्कत, दुबई, सिंगापूरहून आलेल्या बॅगांमधून आपल्या गावांतही पोचले. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या हाती मात्र असायचा तो विटा रचायचा स्वस्त ब्रिक गेम, 'टूं टूं' वाजणारा!

आता आवाज. गेम बॉयच्या मुख्य चिपमध्ये चार वादक बसलेत असं समजा. पहिले दोघं चौकोनी लहरी काढतात. त्यांचा आवाज ऐकायला थोडा सनईसारखा, थोडा मोटारीच्या भोंग्यासारखा. तिसऱ्याला आपण स्वतः लहर आखून देऊ शकतो. चौथा नुसता खरखराट करतो, पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळते तसा. पण हा खरखराट क्षणभरच सोडला आणि लगेच थांबवला की ताशाची काडी पडल्यासारखी वाटते. तिसऱ्या वादकाचा सूर झर्रकन खाली घसरवला की ढोल! म्हणजे पनवेलच्या मिरवणुकीतलं अख्खं पथक खिशात. (खिसा मोठा हवा, एवढंच.)

पहिल्या दोन वादकांचा सूर कसा ठरतो ते गणिताची आवड असलेल्यांसाठी सांगतो. १,३१,०७२ या आकड्याला एका पूर्णांकानं भागायचं. भागाकार येईल तितकी कंपनं दर सेकंदाला. २९८ नं भागा, साधारण ४४० येतील. जगातले अनेक वाद्यवृंद ज्या सुरावर वाद्यं लावतात तो हा. भाजक जास्तीत जास्त २०४८ घेता येतो, म्हणजे खालचा सूर ६४ कंपनांचा. तिसरा वादक त्याच्याही निम्म्यावर, ३२ पर्यंत उतरतो. आणि वर चढत गेलं की काय होतं? ५० नं भागलं तर २६२१, ४९ नं भागलं तर एकदम २६७५. मधले सूर मिळतच नाहीत. म्हणून तार सप्तकाच्या पार वर गेम बॉय थोडा बेसूर लागतो. तो दोष तारांचा नाही आणि सोल्डरिंगनं जाणारही नाही. पत्रलेखकानं दुसऱ्या गाण्यातली 'वरची धून कणसुरी लागते' असं लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच. धून एक सप्तक खाली आण.

गाणं बनवायला लोकांनी खास कार्यक्रम लिहिले आहेत. जर्मनीतल्या ऑलिव्हर विटखोव्ह यांनी १९९८ मध्ये 'नॅनोलूप' बनवला आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी २००० मध्ये 'लिटल साउंड डीजे'. आपला वाचक हा दुसरा वापरतो. त्यात गाण्याचा एक तुकडा सोळा घरांचा असतो. सोळा घरं! तबला शिकणाऱ्यांनी कान टवकारले असतील. तीनतालाचं एक आवर्तन बरोब्बर बसतं. झपतालासाठी दहाव्या घरानंतर तुकडा तोडायची आज्ञा देता येते, रूपकासाठी सातव्यानंतर. सुरुवात तीनतालापासून करा, हे मात्र तबल्याच्या क्लाससारखंच. अशा यंत्रांवर वाजवणारे लोक २००६ पासून काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये 'ब्लिप फेस्टिव्हल' भरवत होते आणि हजारो वॅटच्या भोंग्यांतून हेच चार वादक ऐकवत होते.

आणि तिथेच आपल्या वाचकाची अडचण त्यांनाही आली.

चिपमधून निघालेला आवाज आधी जातो उजव्या बाजूच्या आवाजाच्या चाकाकडे. हे चाक म्हणजे पाण्याच्या नळासारखं. वरून भरपूर येतं, आपण फिरवू तेवढंच पुढे जातं. पुढे असतो आतला छोटा ॲम्प्लिफायर. तो आवाज फुगवतो आणि स्पीकरला किंवा खालच्या बाजूच्या हेडफोनच्या जॅकला देतो. हा ॲम्प्लिफायर कशासाठी बनवला? बसमध्ये बसलेल्या मुलाला खेळाचा आवाज यावा, एवढ्यासाठी. रुपयाहून थोड्या मोठ्या स्पीकरला तेवढं पुरे. पण त्याच डब्यात शेजारी पडदा सेकंदाला जवळजवळ ६० वेळा रेखला जात असतो, पडद्याला लागणारा दाब तयार करणारी छोटी पट्टी सतत विजेची उघडझाप करत असते. त्यांची कुजबुज ॲम्प्लिफायरच्या कानावर पडते आणि तो बिचारा गाण्याबरोबर तीही फुगवतो. हेडफोनवर बारीक 'ऊंऽऽ' ऐकू येतं ते हे. मोठ्या भोंग्यावर त्याचा राक्षस होतो.

दुसरी भानगड खालच्या सुरांची. ॲम्प्लिफायर आणि हेडफोन यांच्या मध्ये कपॅसिटर बसवलेला असतो. कपॅसिटर हा फाटकावरचा राखणदार समजा. एकाच दिशेनं सरळ वाहणारी वीज तो अडवतो आणि हेलकावे खाणारी, म्हणजे आवाजाची, सोडतो. पण फार सावकाश हेलकावे खाणाऱ्यांकडेही तो संशयानं बघतो. उदाहरणार्थ, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३२ ओहमचा हेडफोन अशी जोडी असेल तर सुमारे ५० कंपनांच्या खालचा आवाज ढेपाळू लागतो. आपला तिसरा वादक तर ३२ पर्यंत जातो! म्हणजे ढोलाचा खालचा 'धूम' फाटकातच अडकला. तोच हिशेब मोठ्या ॲम्प्लिफायरच्या लाइनच्या खाचेसाठी करा. तिचा अडसर साधारण १०,००० ओहम धरला, तर एका मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटरसुद्धा १६ कंपनांपर्यंतचं सगळं सोडतो.

मग युक्ती काय निघाली? नळाच्या आधीच पाणी घ्यायचं. आवाजाच्या चाकाला आवाज जिथे येऊन पोचतो, त्या टोकांना तारा जोडायच्या : एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची, एक जमिनीची. आतला ॲम्प्लिफायर वाटेतून बाद. घरघर कमी, खालचे सूर शाबूत. बाहेरच्या देशांत याला 'प्रो साउंड' म्हणतात. नाव भपकेबाज आहे, काम तीन तारांचं.

पण थांबा. पेचकस हातात घ्यायच्या आधी फुकटचे उपाय करून बघायचे, हा या सदराचा जुना नियम आहे. आणि मला शंका आहे की शाळेच्या हॉलमधली ती घरघर बरीचशी गेम बॉयची नव्हतीच.

पत्रात लिहिलंय, वायर माइकच्या खाचेत घातली. माइकमधून येणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढी असते, म्हणून माइकची खाच तिला शेकडो पट फुगवते. गेम बॉयचा आवाज आधीच त्याहून कितीतरी जोरकस. त्याला त्या खाचेत घालणं म्हणजे ओरडणाऱ्या माणसाच्या हातात कर्णा देणं. मिक्सरवर 'लाइन' किंवा 'ऑक्स' लिहिलेली खाच शोधा, तिथे लावा. माइकच्याच खाचेत लावावं लागलं, तर मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना ते साउंडवाल्या काकांना आधी विचारा. दुसरं, गेम बॉय अडॅप्टरवर चालवला होता का? आपल्या घरच्या विजेची गुणगुण ५० कंपनांची असते आणि ती अडॅप्टरवाटे सहज आत शिरते. चार नवे सेल घाला. तिसरं, पिन कुठली होती? एका कानाच्या हेडफोनची, म्हणजे एकच काळी रेघ असलेली पिन दोन कानांच्या जॅकमध्ये घातली, की उजवी बाजू थेट जमिनीला टेकते. गेम बॉयवर प्रत्येक वादकाला डावीकडे, उजवीकडे किंवा मध्ये बसवता येतं. उजवीकडे बसवलेला तर गायबच झाला!

आणि चौथं, आपल्या कोकणपट्टीचं खास दुखणं. पनवेलचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कपाटातले चपलांचे पट्टे हिरवे होतात, तिथे तीस वर्षांच्या यंत्राचं काय! सेल ठेवायच्या पत्र्यांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर सेल आधी काढा, कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडं करा. आवाजाचं चाक फिरवताना 'खर्रर्र' होत असेल तर आत धूळ आहे. रेडिओ दुरुस्तीवाले त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारतात आणि चाक वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवतात. अर्ध्या लोकांचं काम इथेच भागतं असं माझं मत आहे.

एवढं करूनही 'ऊंऽऽ' उरलं, तर उघडूया.

गेम बॉयचे स्क्रू साधे नसतात. त्यांच्या डोक्यावर तीन पात्यांची खूण असते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. साधा पेचकस घातलात तर खूण झिजेल आणि मग तो स्क्रू जन्मात निघणार नाही. तीन पात्यांचा पेचकस मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या संचातही बहुधा असतो. सेलच्या कप्प्यात दोन स्क्रू लपलेले असतात, ते विसरू नका. कवच सुटलं की दोन्ही अर्धी झटक्यात अलग करायची नाहीत. मधे एक चपटी पट्टी दोन्ही पाट्यांना जोडते. वहीचं पान उलटावं तसं हळूच उघडायचं.

आता सोल्डरिंग. आपल्या आजोबांच्या वेळी याला 'डाख देणं' म्हणत. तांबट भांड्याला डाख द्यायचे तेच हे, फक्त सुईच्या टोकाएवढ्या जागेत. गेम बॉयवर हात शिकायचा नाही, ही माझी अट आहे. घरात एखादा बंद पडलेला ब्रिक गेम असेल तर तो घ्या. त्याच्यावर वीस टाके घाला, काढा, परत घाला. टाका दोन-तीन सेकंदांत बसला पाहिजे. जास्त वेळ टेकवलं तर पाटीवरची तांब्याची रेघच उचकटून येते. काम खिडकीपाशी, मोठं माणूस शेजारी बसलेलं, आणि झाल्यावर हात साबणानं धुवायचे, कारण बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं. आणि उघडायचं ते सेलवर चालणारंच. टीव्ही, अडॅप्टर, मिक्सर, घरच्या विजेवर चालणारं काहीही उघडायचं नाही. त्यांत बंद केल्यावरही वीज साठून राहते.

ते नाजूक वाटत असेल तर सरळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दादाकडे जा. पनवेलच्या बाजारात अशा दुकानांना तोटा नाही. भिंग लावून, केसाएवढ्या तारा जोडणारी ही मंडळी. त्यांना गेम बॉयची पाटी म्हणजे मैदान वाटेल. मात्र त्यांना नेमकं सांगता आलं पाहिजे : चाकाच्या आधीची डावी, उजवी आणि जमीन, आणि ती टोकं मल्टिमीटरनं तपासून मगच डाख. तार जाळीचं वेष्टण असलेली घ्या.

आणि भोक? त्याची गरजच नाही. खाली हेडफोनचा जॅक आहेच. त्याच्याकडे येणारी ॲम्प्लिफायरची जोडणी सोडवायची आणि तिथे आपल्या नव्या तारा आणायच्या. मग तोच जॅक स्वच्छ आवाज देतो. तोटा एवढाच की हेडफोन लावलात तर आवाज अगदी हलका येईल, आणि चाक फिरवून तो कमी-जास्त होणार नाही. स्नेहसंमेलनाला काय करायचाय हेडफोन! उद्या मामाला जुनाच हवा झाला, तर तीन टाके काढा, होतं तसं परत. हे सगळं भोकाच्या बाबतीत जमत नाही. करड्या कवचाचे गेम बॉय आता कोणी बनवत नाही, आणि हे कवच तर मामाचं आहे.

काही वाचकांना वाटेल, मग काका यंत्रात बदल करण्याच्याच विरुद्ध आहेत की काय? छे. आपली बाजाची पेटी बघा. ती युरोपातून आली तेव्हा पायानं भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवायची होती. आपल्या नाट्यसंगीतात पायपेटी तशीच राहिली. पण गवई बसतो मांडी घालून. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये हातानं भाता हलवायची पेटी बनवली आणि ती घरोघर, देवळोदेवळी गेली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, कारण तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आणि तरीही डॉ. विद्याधर ओक यांनी पेटीत पुन्हा हात घातला आणि बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. आपल्याच मुंबईत चरणजितसिंग नावाच्या वादकानं १९८२ मध्ये तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतलं एक यंत्र खरं तर गिटारवाल्यांना सरावासाठी खर्जाची साथ द्यायला बनवलं होतं. तेव्हा ती ध्वनिमुद्रिका फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशात लोक थक्क झाले.

आईबाबांसाठी थोडंसं. मुलगा उघडलेल्या यंत्रापाशी बसला की 'मोडलंस!' हा शब्द ओठांवर येतो, मला कळतं. पण त्यानं आधी विचारलंय, हे लक्षात घ्या. त्यानं पत्र लिहिलं, मामाचं ऐकलं, भोक पाडायच्या आधी थांबला. सहामाही झाल्यावर त्याला एक रविवार द्या, आणि शक्य असेल तर तुम्हीही शेजारी बसा. सोल्डरिंग आयर्न गरम असताना मोठ्या माणसाचं काम फक्त एकच, वायर कोणाच्या पायात येत नाही ना ते बघायचं.

पत्रलेखकाला आणखी एक सूचना. जुन्या पद्धतीच्या काडतुसात गाणं जपून ठेवायला बटणासारखा छोटा सेल असतो. तो संपला की गाणी जातात, सांगून जात नाहीत. दोन्ही गाण्यांचे सगळे आकडे आजच वहीत उतरवून ठेव. आणि यंत्र चालू असताना काडतूस काढू नकोस.

ज्यांच्याकडे गेम बॉय नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. आलेखाची वही घ्या. आडवे ३२ चौकोन, उभे १६. डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक उभ्या रांगेत एकच चौकोन रंगवा. डोंगर काढा, करवत काढा, कर्नाळ्याचा सुळका काढा. तिसऱ्या वादकाला गेम बॉय नेमकी अशीच आकृती देतो, ३२ पावलं आणि प्रत्येक पावलाला १६ उंच्या. सुळक्यासारखी टोकदार लहर आणि चिंचेच्या बोटकासारखी गोलसर लहर, यांतली कुठली जास्त बोचरी ऐकू येईल? आधी अंदाज लिहा, कारणासकट, आणि आकृती पाठवा. निवडक आकृत्या पनवेलला पाठवून वाजवून घेऊ. तोवर तिथला जॅक तयार झालेला असेल, अशी आशा आहे.